दोन रांगांमधली वाट : ‘सोल ट्रेन’ आणि कृष्णवर्णीय रंजनकलेचा वारसा



दरवर्षीच्या स्मृतिव्याख्यानाबरोबर निघणाऱ्या या पुस्तिकेत संतसाहित्य, इतिहास, भाषाविचार अशा विषयांवरील लेख वाचण्याची आपणांस सवय आहे. यंदा मी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या एका नाचाच्या कार्यक्रमाविषयी लिहिणार आहे. शाळेच्या काही जुन्या विद्यार्थ्यांना याचे नवल वाटेल. क्वचित कोणाला हा विषय या व्यासपीठाला शोभणारा नाही, असेही वाटेल. त्या शंकेचे निरसन प्रथम करणे माझे कर्तव्य आहे.

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट व्हावी म्हणून झटलेल्या तेथील सज्जनांना तो अर्पण केलेला आहे. वर्षानुवर्षे मी हा ग्रंथ वर्गात शिकवला. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, गुलामगिरी संपली, त्यानंतर त्या माणसांचे पुढे काय झाले?” मी त्याला कायद्याचा इतिहास सांगितला. १८६५ची घटनादुरुस्ती, तिच्यानंतर दक्षिणेतील राज्यांनी लादलेली वर्णभेदाची बंधने आणि अखेर १९६४चा नागरी हक्कांचा कायदा, असे ते उत्तर होते. ते चुकीचे नव्हते. पण अपुरे होते, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. मुक्त झालेल्या माणसापुढे मतदानाचा आणि पोटाचा प्रश्न असतो, तसाच आणखी एक प्रश्न असतो. आपला चेहरा, आपला आवाज, आपल्या अंगातली लय जगापुढे कोण मांडणार? आपण स्वतः, की दुसरा कोणी? आणि त्यातून जे नाव आणि जो पैसा मिळेल, तो कोणाच्या पदरात पडणार? त्या विद्यार्थ्याला तेव्हा न दिलेल्या उत्तराचा एक भाग मी येथे देत आहे.

१. उसना चेहरा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कला कोणाला आवडत नव्हती, असे कधीच नव्हते. आवड होती, मान नव्हता. मळ्यांवरचे गुलाम आपल्या मालकांच्या ऐटबाज चालीची नक्कल करीत नाचत, त्यातून ‘केकवॉक’ नावाचा नाच आला. ज्यांची थट्टा चालली होती, तेच मालक तो नाच कौतुकाने पाहत, आणि पुढे गोऱ्या समाजाने तो स्वतःच्या दिवाणखान्यात नेला. एकोणिसाव्या शतकात ‘मिन्स्ट्रेल’ नावाचे खेळ अमेरिकेत गावोगाव चालत. गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करीत. याच काळात, १८४२मध्ये, चार्ल्स डिकन्सने न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत पाहिलेल्या एका कृष्णवर्णीय नर्तकाचे थक्क होऊन वर्णन केले आहे. तो नर्तक म्हणजे ‘मास्टर जुबा’ या नावाने गाजलेला विल्यम हेन्री लेन, असे सामान्यतः मानले जाते.

दैवदुर्विलास असा, की पुढे कृष्णवर्णीय कलावंतांना रंगभूमीवर प्रवेश मिळाला, तोही अनेकदा काजळी फासूनच. बर्ट विल्यम्स हा थोर विनोदी नट १९१०पासून न्यूयॉर्कच्या ‘झिगफील्ड फॉलीज’ या वैभवशाली खेळात झळकला. जन्मतः कृष्णवर्णीय असलेल्या या माणसालाही चेहऱ्यावर काजळीचा लेप चढवावा लागे. प्रेक्षकांना खरा कृष्णवर्णीय नको होता, त्यांच्या कल्पनेतला हवा होता.

हार्लेममध्ये मात्र वेगळे वारे वाहत होते. १९२६ साली तेथे ‘सॅव्हॉय बॉलरूम’ उघडला. त्या प्रशस्त नृत्यगृहात गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचत. ‘लिंडी हॉप’ हा जोडीचा नाच तेथेच बहरला. ही जागा १९५८मध्ये बंद झाली. तोवर घराघरांत एक नवे नृत्यगृह आले होते. ते म्हणजे दूरचित्रवाणी. आता प्रश्न असा होता, की या नव्या नृत्यगृहाच्या दारावर कोण उभे राहणार?

२. दारावरचे पहारेकरी

१९५६च्या नोव्हेंबरात एन.बी.सी. या वाहिनीवर नॅट किंग कोल या गायकाचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथे चालू कार्यक्रमात गोऱ्या हल्लेखोरांनी त्याच्यावर रंगमंचावर चाल केली होती. तरीही तो संयमी, सभ्य आणि अत्यंत लोकप्रिय गायक राहिला. एला फिट्झजेराल्ड आणि हॅरी बेलाफॉन्टे यांच्यासारखे मोठे कलावंत त्याच्या कार्यक्रमात अत्यल्प मानधनावर आले. पण देशपातळीवरचा एकही प्रायोजक पुढे झाला नाही. कृष्णवर्णीय माणसाशी आपले नाव जोडले गेले, तर दक्षिणेतील गिऱ्हाईक तुटेल, ही जाहिरातदारांची भीती. १९५७च्या डिसेंबरात कार्यक्रम थांबला. हा प्रसंग पुढील सर्व कथेची किल्ली आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा. गुण होता, प्रेक्षक होता, वाहिनीही होती. अडले ते पैशापाशी.

तरुणांच्या नाचाचे कार्यक्रम याच सुमारास निघाले. त्यांत सर्वांत प्रसिद्ध ‘अमेरिकन बँडस्टँड’. १९५२मध्ये फिलाडेल्फियातील स्थानिक केंद्रावर ‘बँडस्टँड’ म्हणून तो सुरू झाला आणि ५ ऑगस्ट १९५७पासून डिक क्लार्कच्या सूत्रसंचालनाखाली ए.बी.सी. वाहिनीवरून देशभर दिसू लागला. शाळा सुटल्यावर मुले-मुली कार्यक्रमस्थळी येत, नव्या ध्वनिमुद्रिकांवर नाचत आणि लाखो घरांतली त्यांच्या वयाची मुले ते पाहून शिकत. या कार्यक्रमात कृष्णवर्णीय गायक येत. परंतु फिलाडेल्फियात एवढी मोठी कृष्णवर्णीय वस्ती असूनही, तो तेथे होता त्या काळात, नाचणाऱ्या मुलांमध्ये कृष्णवर्णीय चेहरे जवळजवळ नसत. नियम कोठे लिहिलेला नव्हता; प्रवेशाच्या रीतीच अशा ठेवल्या होत्या, की ती मुले बाहेर राहावीत. मॅथ्यू डेलमाँट या इतिहासकाराने यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

आणि नाच कोठून येत होते? फिलाडेल्फियाजवळच विल्मिंग्टन येथे १९५५ ते १९५८ या काळात मिच टॉमस नावाचा कृष्णवर्णीय निवेदक आपल्या समाजातील मुलांसाठी असाच कार्यक्रम चालवीत होता. ‘बँडस्टँड’वर नाचणारी गोरी मुले तो पाहून त्यातले नाच उचलीत. ‘स्ट्रोल’ हा त्यांपैकी एक. त्यात मुले आणि मुली समोरासमोर दोन रांगा करतात आणि मधल्या वाटेने एकेक जोडी डौलात चालत जाते. देशाने हा नाच गोऱ्या मुलांकडून पाहिला आणि त्यांचाच मानला.

याच वर्षांतले आणखी दोन प्रसंग सांगतो. १९५७मध्ये ॲलन फ्रीड याच्या कार्यक्रमात फ्रँकी लायमन हा किशोरवयीन कृष्णवर्णीय गायक एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. दक्षिणेतील केंद्रांनी गहजब केला आणि कार्यक्रम बंद पडला. बाल्टिमोरमध्ये ‘बडी डीन शो’ या लोकप्रिय कार्यक्रमात कृष्णवर्णीय मुलांसाठी महिन्याकाठी वेगळा दिवस राखलेला असे. सर्वांनी एकत्र नाचावे, ही मागणी वाढल्यावर चालकांनी जानेवारी १९६४मध्ये कार्यक्रमच संपवला. विहीर सर्वांना खुली करण्यापेक्षा ती बुजवून टाकणारी माणसे आपल्याही इतिहासात झाली आहेत. म्हणून या गोष्टीचे मर्म आपणांस वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

३. शाळांतून सुटलेली गाडी

आता मुख्य कथानायकाकडे वळतो. डॉन कॉर्नेलियस याचा जन्म २७ सप्टेंबर १९३६ रोजी शिकागो येथे झाला. शहराच्या दक्षिण भागातील ड्यूसेबल हायस्कूलमधून तो १९५४ साली उत्तीर्ण झाला. नंतर नौसैनिक दलाच्या नोकरीत कोरियाला गेला, परत येऊन मोटारीचे टायर विकले, विमा विकला. तिशीच्या उंबरठ्यावर, पदरी बायको-मुले असताना, त्याने निवेदनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि १९६६च्या सुमारास डब्ल्यू.व्ही.ओ.एन. या रेडिओ केंद्रावर वृत्तनिवेदकाचे काम मिळवले. केंद्राच्या नावातील शेवटच्या तीन अक्षरांचा विस्तार ‘निग्रोंचा आवाज’ असा होता, आणि शिकागोतील कृष्णवर्णीय घरांत ते केंद्र खरोखर तशाच विश्वासाने ऐकले जाई.

नोकरीच्या जोडीला कॉर्नेलियस शिकागोतील माध्यमिक शाळांमधून फिरता कार्यक्रम करी. स्थानिक गायक-वादकांना घेऊन एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचे, मुलांना गाणी ऐकवायची, नाचू द्यायचे. या फिरत्या तांड्याला त्याने ‘सोल ट्रेन’ असे नाव दिले. ‘सोल’ म्हणजे शब्दशः आत्मा. पण त्या काळी चर्चमधील भजनांच्या आर्ततेतून निघालेल्या कृष्णवर्णीय संगीतालाही तीच संज्ञा होती. पुढे साऱ्या देशाने ऐकलेले हे नाव शाळांच्या सभागृहांत जन्मले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तिकेत नोंदवताना मला विशेष आनंद होतो.

१७ ऑगस्ट १९७० या दिवशी शिकागोतील डब्ल्यू.सी.आय.यू. या लहान केंद्रावर ‘सोल ट्रेन’ प्रथम दिसला. केंद्राची जागा धान्यबाजाराच्या उत्तुंग इमारतीत त्रेचाळिसाव्या मजल्यावर, अगदी अपुरी, चित्रण कृष्णधवल. जेरी बटलर, ‘द चाय-लाइट्स’ आणि ‘द इमोशन्स’ हे पहिल्या दिवसाचे पाहुणे. शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत, सोमवार ते शुक्रवार, हा कार्यक्रम चाले. मुले धावत घरी येत आणि पडद्यावर आपल्याच मोहल्ल्यातली, आपल्याच रंगाची, आपल्यासारखेच केस असलेली मुले आनंदाने नाचताना पाहत. तोवर बातम्यांत कृष्णवर्णीय तरुण दिसे तो बहुधा दंगलीत, अटकेत किंवा मिरवणुकीत पाण्याच्या फवाऱ्यापुढे. तो नुसताच आनंदात असलेला पाहणे, हा अनुभव नवीन होता.

४. तेलाच्या बाटलीने सोडवलेले कोडे

नॅट किंग कोलच्या वाटेत आडवा आलेला प्रायोजकाचा प्रश्न येथे कसा सुटला, ते पाहण्यासारखे आहे. शिकागोत जॉर्ज जॉन्सन नावाचे कृष्णवर्णीय उद्योजक होते. १९५४मध्ये पत्नी जोन यांच्यासह अवघ्या काही शे डॉलरांवर त्यांनी केसांच्या प्रसाधनांचा व्यवसाय सुरू केला. ‘जॉन्सन प्रॉडक्ट्स’ ही त्यांची कंपनी १९७१मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेली. तेथे पोहोचलेली ती कृष्णवर्णीयांच्या मालकीची पहिली कंपनी होय. नैसर्गिक कुरळे केस अभिमानाने वाढवण्याच्या त्या काळात ‘ॲफ्रो शीन’ हे त्यांचे उत्पादन घरोघरी पोहोचले होते. कॉर्नेलियसचा कार्यक्रम देशभर नेण्यासाठी जॉन्सन यांनी पाठबळ दिले.

येथे अमेरिकी दूरचित्रवाणीची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. त्या काळी तीन बलाढ्य वाहिन्या होत्या आणि देशभरातील बहुतेक केंद्रे त्यांच्याशी जोडलेली होती. वाहिनीने दार लावले, तर निर्मात्याला एक आडवाट उरे : गावोगावच्या केंद्रांकडे स्वतः जाऊन, एकेका केंद्राशी स्वतंत्र करार करून कार्यक्रम देणे. गाडीला मोठा रूळ मिळाला नाही, तर गावोगावचे तुकडे जोडून रूळ तयार करायचा, असा तो मार्ग. कॉर्नेलियसने पंचवीस शहरांचा संकल्प केला. २ ऑक्टोबर १९७१ रोजी लॉस एंजेलिस येथून देशव्यापी ‘सोल ट्रेन’ सुरू झाला, तेव्हा जेमतेम सात-आठ केंद्रांनी तो घेतला होता. वर्षभरात इतरांनाही तो घ्यावासा वाटू लागला.

जाहिरातीही वेगळ्या होत्या. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे, विद्यार्थी, देखणी स्त्री-पुरुष मंडळी दिसत. एका जाहिरातीत तर गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचा आत्मा अवतरतो आणि केस न विंचरता बाहेर निघालेल्या तरुणाला कानपिचक्या देतो! हसू येते, पण तेल विकता विकता पूर्वजाचे स्मरण करून देणारी ती जाहिरात कोणाच्या पैशाने झाली, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळते. निर्माता, प्रायोजक, निवेदक, कलावंत आणि नाचणारी मुले, सारे त्याच समाजातले. मालकीची ही साखळी पूर्वी या माध्यमात अशी अखंड कधी जुळली नव्हती.

५. दोन रांगांमधून

कार्यक्रमाचा सर्वांत लोकप्रिय भाग म्हणजे ‘सोल ट्रेन लाइन’. मुले दोन रांगांत समोरासमोर उभी राहत आणि मधल्या वाटेने जोड्या किंवा एकेकजण नाचत पुढे येई. ही रचना पन्नाशीच्या दशकातील ‘स्ट्रोल’चीच. जो नाच एकदा हातातून गेला होता, तो आपल्या घरी परत आला. परंतु आता ठरावीक पावले नव्हती. त्या काही क्षणांत प्रत्येकाने स्वतःचे काहीतरी करून दाखवायचे. दोन्ही बाजूंनी टाळ्यांचा ठेका. मध्ये एकटा माणूस. समूहाचा आधारही आणि व्यक्तीला मोकळीकही, असा तोल फार थोड्या लोककलांना साधतो.

या वाटेवरून जे आले, त्याने जगाचा नाच बदलला. लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलने नाचता नाचता मध्येच अंग गच्च अडकवण्याची ढब काढली. ती ‘लॉकिंग’. फ्रेझ्नो गावाकडून स्नायूंना झटके देत नाचण्याची ‘पॉपिंग’ ही रीत आली आणि तीही याच पडद्यावरून पसरली. डमिटा जो फ्रीमन, चेरिल साँग, रोझी पेरेझ ही नावे घरोघरी ठाऊक झाली. पेरेझ पुढे नामांकित अभिनेत्री झाली. जोडी वॉटली आणि जेफ्री डॅनियल हे दोघे येथील नर्तक, नंतर ‘शॅलमार’ या गायकवृंदाचे घटक. जेफ्री डॅनियलने १९८२मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर पुढे चालल्याचा भास निर्माण करीत मागे सरकण्याची चाल दाखवली. पुढील वर्षी, मे १९८३मध्ये, मायकेल जॅक्सनने तीच चाल ‘मूनवॉक’ म्हणून जगापुढे आणली. जॅक्सनने ती ‘सोल ट्रेन’च्या नर्तकांकडून शिकली होती. त्या नर्तकांच्याही आधी, १९५५च्या एका चित्रफितीत, टॅपनर्तक बिल बेली हीच चाल करताना दिसतो. कला अशी हातोहात येते. नाव मात्र बहुधा शेवटच्या हाताला मिळते.

आणखी एक छोटा भाग मला अध्यापक म्हणून फार आवडतो. ‘स्क्रॅम्बल बोर्ड’ या खेळात फळ्यावर उलटसुलट अक्षरे लावलेली असत. एका जोडीने मिनिटभरात ती जुळवून एखाद्या नामवंत कृष्णवर्णीय व्यक्तीचे नाव तयार करायचे. जोडी प्रायः जिंकतच असे, कारण उत्तर तिला आधीच ठाऊक असे. कॉर्नेलियसने हे पुढे हसत मान्य केले. त्याचा हेतू परीक्षेचा नव्हता. पडद्यासमोरच्या लाखो मुलांनी ते नाव वाचावे, हा होता.

६. रूळ उखडण्याचा प्रयत्न आणि गाडीतले दोष

यश मिळताच स्पर्धा आली. १९७३मध्ये डिक क्लार्कने ‘सोल अनलिमिटेड’ या नावाने तशाच धाटणीचा कार्यक्रम ए.बी.सी. वाहिनीवर आणला. वरवर पाहता यात गैर काय, असे कोणी विचारील. परंतु एका बाजूला बलाढ्य वाहिनी आणि दुसऱ्या बाजूला गावोगाव करार करीत उभा राहिलेला एकटा निर्माता, असा तो सामना होता. जेसी जॅक्सन यांच्यासारख्या नेत्यांनी आणि संगीतव्यवसायातील जाणते क्लॅरेन्स ॲव्हान्ट यांनी वाहिनीकडे तीव्र निषेध नोंदवला, आणि तो कार्यक्रम मागे घेतला गेला. एका नाचाच्या कार्यक्रमासाठी नागरी हक्कांचे नेते उभे राहिले, कारण प्रश्न नाचाचा नव्हता, मालकीचा होता.

तथापि स्मृतिलेखन म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. ज्या मुलांच्या नाचावर कार्यक्रम उभा होता, त्यांना मानधन मिळत नसे. दिवसभर चित्रण चाले आणि वाट्याला यायचा तो जेवणाचा डबा. प्रसिद्धी मिळते ना, मग पैसा कशाला, हा युक्तिवाद आपल्याकडेही अपरिचित नाही. कॉर्नेलियसचा स्वभावही करारी, हुकमत गाजवणारा. एेंशीच्या दशकात ‘हिप-हॉप’ ही नवी शैली आली, तेव्हा ती आपल्याला कळत नाही, हे त्याने कलावंतांसमोरच बोलून दाखवले. ज्याने एका पिढीला दार उघडून दिले, तोच पुढच्या पिढीच्या दारात काही काळ घुटमळला. तरीही त्या कलावंतांना मंच त्याने दिलाच, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

१९९३मध्ये कॉर्नेलियस सूत्रसंचालनातून निवृत्त झाला. मार्च २००६मध्ये नवे भाग थांबले, तोवर अकराशेहून अधिक भाग झाले होते. दरम्यान दूरचित्रवाणीवर संगीताच्या स्वतंत्र वाहिन्या निघाल्या होत्या आणि आठवड्याची वाट पाहण्याचे दिवस संपले होते. १ फेब्रुवारी २०१२ रोजी, दीर्घ आजारपणाने गांजलेल्या कॉर्नेलियसने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवले. ही वार्ता कळताच अमेरिकेतील अनेक शहरांत लोक रस्त्यावर उतरले आणि दोन रांगा करून मधल्या वाटेने नाचले. शोक व्यक्त करण्याची याहून उचित रीत त्या माणसाच्या बाबतीत असू शकली नसती. २०२३मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने मरणोत्तर त्याचा गौरव केला.

७. आपल्या अंगणापर्यंत

हा वारसा आपल्यापर्यंत पोहोचला तो या कार्यक्रमाच्याही आधीपासून. १९३५मध्ये लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक तेथे गाजला. मायदेशात ज्यांना पुढच्या दाराने आत घेतले जात नव्हते, ते येथे मुख्य रंगमंचावर बसले. त्यांच्यासोबत वाजवून शिकलेले अनेकजण गोव्याचे होते. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलेखन वाचायला शिकलेल्या या तरुणांनी जाझ आत्मसात केले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतले अग्रणी. सी. रामचंद्र यांच्या संगीतात आणि भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात त्यांचा ट्रंपेट आणि वाद्यवृंद यांचा वाटा आहे. मराठी संगीतकार, मराठी नट आणि गोव्याचा वादक यांनी मिळून जे नाचते गाणे देशाला दिले, त्याच्या मुळाशी हार्लेम आणि शिकागोचे पाणी होते. पुढे १९९६मध्ये आपल्याकडे दूरचित्रवाणीवर ‘बूगी वूगी’ हा नृत्यस्पर्धेचा कार्यक्रम आला. त्याचे नावच कृष्णवर्णीय पियानोवादकांच्या एका शैलीचे आहे. ते किती प्रेक्षकांना ठाऊक होते?

आज मराठी वाहिन्यांवरच्या स्पर्धांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुले ‘लॉकिंग’, ‘पॉपिंग’ सहज करतात. त्यात वावगे काही नाही. कला वाहतीच असावी. पण प्रश्न जुनाच आहे. २०१९मध्ये अटलांटाजवळच्या एका चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने बसवलेला नाच मोबाइलवरच्या चित्रफितींतून जगभर गेला. नाव मात्र काही महिने इतरांचेच झाले. २०२०मध्ये वृत्तपत्रांनी मूळ कर्तीचा शोध घेतला, तेव्हा कोठे तिला श्रेय मिळाले. अमेरिकी कायद्यात रचलेल्या नृत्यकृतीला संरक्षण आहे, पण सुट्या पावलाला नाही. म्हणजे कायदा जेथे थांबतो, तेथून पुढे फक्त माणसाची सचोटी उरते.

त्या विद्यार्थ्याने मला विचारले होते, पुढे काय झाले? आज मी त्याला सांगेन : पुढे ती माणसे नाचत राहिली, लोकांनी तो नाच घेतला, नाव घेतले नाही, मग त्यांच्यातल्याच एकाने तेलाच्या व्यापाऱ्याच्या मदतीने स्वतःचा मंच उभारला आणि पस्तीस वर्षे चालवला.

या शाळेला माझी एक साधी सूचना आहे. स्नेहसंमेलनात मुले नाचतील, तेव्हा निवेदन करणाऱ्या विद्यार्थ्याने गाण्याच्या नावाबरोबर तो नाच कोठून आला, तो कोणी घडवला, हेही एका वाक्यात सांगावे. लावणी असो, धालो असो, गरबा असो की ‘लॉकिंग’ असो, त्यासाठी मुलांना थोडे शोधावे लागेल, विचारावे लागेल, वाचावे लागेल. शाळेचे काम त्याहून वेगळे काय आहे?